बुसैतीनची बरणी आणि लिंबाचे झाड

(तू बिश्वात, म्हणजेच एलियाहू हन्नाबीच्या उरुसाच्या संध्याकाळी आपल्या सिनेगॉगच्या सभागृहात झालेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन केले असून वक्त्या भगिनींनी ते नजरेखालून घातले आहे.)



आत्ताच मलिद्याचे ताट आपल्यातून फिरले. गोड पोहे, ओले खोबरे, सुका मेवा आणि भोवती पाच फळे. आज झाडांचे नववर्ष आहे, म्हणून महिला मंडळाने मला 'घरची साठवण आणि परसबाग' असा विषय दिला. मी विदुषी नाही. आयुष्यभर परिचारिका म्हणून काम केले. त्यांतली अकरा वर्षे, २०१२ ते २०२३, बहारीनमधील बुसैतीन या गावी काढली. तेव्हा आज मी जे सांगणार आहे, ते चुकून चुकून शिकलेल्या बाईचे बोलणे समजावे.

प्रारंभ मी आपल्या सणांच्या नावांपासून करते. येथे बसलेल्या मुलांना पेसाह, योम किप्पूर, तिशा बआव ही नावे ठाऊक आहेत. परंतु आपल्या पणजीच्या तोंडी ही हिब्रू नावे नव्हती. तिच्याकडे 'नव्याचा सण' होता, 'खिरीचा सण' होता, 'दारफळणीचा सण' होता. तिशा बआवला ती 'बिरड्याचा सण' म्हणे आणि पेसाहला 'अनाशी ढाकाचा सण'. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापल्या गेलेल्या आपल्या समाजाच्या इतिहासात ही नावे नोंदलेली आहेत. 'अनास' म्हणजे आंबट रसाचे मातीचे भांडे. जेवणात तोंडी लावण्यासाठी तो रस वर्षभर घरात असे. पेसाह आला की त्या भांड्यावर झाकण पडे. तोच सण.

थोडा विचार करा. तोराची गुंडाळी हाती नाही, हिब्रू अक्षर वाचता येत नाही, कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके घाणा चालवून पोट भरणारे हे लोक. अशा समाजात पेसाहची आठवण एका बरणीच्या झाकणाने राखली. नव्या धान्याची आणि नारळाच्या रसाची खीर, मोड आणून सोललेले वाल, झाकलेले आंबट भांडे: यांवरून वर्ष कोठे आले ते घरातल्या बाईला कळत असे. स्वयंपाकघराच्या या विद्येला आपण 'बायकांची कामे' म्हणून बाजूला ठेवतो. तसे करू नये, एवढेच सांगण्यासाठी मी आज उभी आहे.

आता बुसैतीनकडे येते.

बहारीन हा बेटांचा देश. राजधानी मनामा एका बेटावर आणि मुहर्रक शेजारच्या बेटावर. बुसैतीन हे मुहर्रक बेटाच्या पश्चिम अंगाला वसलेले गाव. पूर्वीचे ते कोळ्यांचे आणि मोती काढणाऱ्यांचे. आज तेथे मोठे रुग्णालय आहे, वैद्यकीय विद्यापीठ आहे, आणि समुद्रात भर घालून तयार केलेल्या जमिनीवर नव्या वसाहती आहेत. मी एका जुन्या घराच्या तळमजल्यावर भाड्याने राहत होते. पुढे फरसबंद अंगण आणि भिंतीलगत दोन हात मातीची पट्टी. शेजारच्या घरात एक वृद्ध बहारीनी बाई राहत. त्यांना मी 'खाला' म्हणत असे आणि त्या मला 'सिस्टर' म्हणत.

पहिल्या वर्षी आईने अलिबागहून कैरीच्या लोणच्याची कृती फोनवर सांगितली. आमचे घर तेथील इस्राएल आळीतले. आईच्या कृतीत 'मूठभर', 'अंदाजाने', 'दिसेल तेवढे' अशीच मापे. मी बाजारातून कैऱ्या आणल्या, फोडी केल्या आणि मीठ घालताना माझ्यातली परिचारिका जागी झाली. दिवसभर मी रुग्णांना सांगत असे की मीठ कमी खा. तेव्हा आईच्या मुठीऐवजी मी तीन चमचे मीठ घातले आणि वर तेल ओतले. बाराव्या दिवशी झाकण उघडले, तर फोडींवर पांढरी साय धरलेली आणि कडेला हिरवी बुरशी. किलोभर कैरी कचऱ्यात गेली.

पुढच्या सुट्टीत अलिबागला आले तेव्हा मी वजनकाटा पुढे ठेवला आणि आईला म्हटले, "आई, तुझी मूठ येथे रिकामी कर." ती हसली, म्हणाली, "मुठीचे वजन करतात का गं कोणी?" पण तिने मीठ टाकले. एक किलो फोडींना तिच्या मुठी भरल्या १८० ग्रॅम. दुसऱ्या वेळी टाकले तेव्हा १८५ ग्रॅम. पन्नास वर्षे लोणची घातलेल्या हाताचा अंदाज पाच ग्रॅमांपलीकडे चुकत नव्हता. मी तो आकडा वहीत लिहून घेतला. लिंबाच्या लोणच्याला किलोमागे २२० ग्रॅम मीठ. वाटण, फोडणी, गूळ, सारे मी त्या आठ दिवसांत मोजून घेतले.

आता यामागचे कारण सांगते, म्हणजे कोणी माझ्यासारखी चूक करणार नाही. पदार्थ नासतो तो सूक्ष्मजीवांमुळे, आणि त्यांना जगायला पाणी लागते. मीठ फोडीतले पाणी बाहेर ओढते आणि उरलेले पाणी त्यांच्या उपयोगाचे राहू देत नाही. साखरेचा पाकही तेच करतो. दुसरा पहारेकरी आंबटपणा. आम्लतेचा अंक, ज्याला पीएच म्हणतात, तो ४.६ च्या खाली असला की बॉट्युलिझम या प्राणघातक विषबाधेचा जंतू वाढू शकत नाही. कैरी, लिंबू, चिंच, आमसूल हे सारे त्या अंकाच्या बरेच खाली आहेत. म्हणून आपल्या आजीची लोणची सुरक्षित असत.

आणि तेल? आपण तर शनिवार तेल्यांचे वंशज. तेलाविषयी आपल्याला आपुलकी असणारच. पण तेल स्वतः काही टिकवत नाही. ते फक्त वरची हवा अडवते. फोडी तेलाखाली बुडालेल्या असल्या तर बुरशी धरत नाही, एवढेच त्याचे काम. म्हणूनच एक गोष्ट कळकळीने सांगते. हल्ली सोललेली लसूण नुसत्या तेलात बुडवून ओट्यावर ठेवतात. लसणीत आंबटपणा नाही, मीठ घातलेले नाही आणि तेलामुळे हवा नाही. बॉट्युलिझमच्या जंतूला याहून सोयीचे घर मिळणार नाही. तशी लसूण शीतकपाटात ठेवावी आणि आठवड्याच्या आत संपवावी. मटार, फरसबी, मका अशा भाज्या नुसत्या उकळून बरणीत बंद करू नयेत. या जंतूचे बीजाणू १०० अंशांवर उकळूनही मरत नाहीत. दाबाखाली १२१ अंशांपर्यंत उष्णता लागते. टोमॅटो सीमेवर आहे. तो बरणीत भरताना लिटरमागे दोन मोठे चमचे बाटलीबंद लिंबूरस घालावा, कारण ताज्या लिंबाचा आंबटपणा कमीजास्त असतो. मीठ जड वाटत असेल तर लोणचे थोडे खावे. लोणच्यातले मीठ कमी करू नये.

ही झाली बरणीची गोष्ट. आता ऋतूची.

आपल्याकडे एक सुंदर शब्द आहे: बेगमी. चैत्र-वैशाखात आपल्या आया पावसाळ्याची बेगमी करीत. आमसुले वाळत, सुकट आणि बोंबील वाळत, पापड, सांडगे होत, पांढऱ्या कांद्याच्या माळा आढ्याला टांगल्या जात. अलिबागला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ते चार महिने अंगणात काही वाळत नाही आणि भर पावसात कोळ्याची होडी समुद्रात जात नाही. म्हणून बेगमी.

बहारीनमध्ये वर्षाला जेमतेम सत्तर-ऐंशी मिलिमीटर पाऊस. मला वाटले, येथे बेगमी कशाला? खालांनी माझा हा गैरसमज दूर केला. त्यांचा पावसाळा म्हणजे उन्हाळा. जून ते सप्टेंबर बाहेर पारा चाळिशीच्या आसपास असतो आणि कुंडीत कोथिंबिरीची काडी जगत नाही. त्यांच्या लहानपणी घराघरांतून खारवलेले मासे, वाळवलेली लिंबे आणि खजूर उन्हाळ्यासाठी साठवत. लोणच्याला त्या 'आचार' म्हणत. तो शब्द ऐकून मला माहेरचे कोणी भेटल्यासारखे झाले. शतकानुशतके आपल्या किनाऱ्यावरची गलबते त्या आखातात जात होती. शब्दही त्यांतूनच गेले असतील.

खालांकडून मी वाळवणीचे वेळापत्रक शिकले. मला वाटे, सर्वांत कडक ऊन ऑगस्टचे, तेव्हाच वाळवावे. त्या म्हणाल्या, "ऑगस्टला हवा ओली असते. जूनमध्ये शमाल सुटतो, तेव्हा वाळव." शमाल म्हणजे वायव्येकडून येणारा कोरडा वारा. वाळण्यासाठी उन्हापेक्षा कोरड्या वाऱ्याची गरज अधिक असते. लिंबे मिठाच्या पाण्यात दोन-चार मिनिटे उकळायची, पुसायची, आणि जाळीवर पसरून वर मलमल बांधायची. काही आठवड्यांत ती काळपट तपकिरी, हलकी होतात आणि हलवली तर आत बी खुळखुळते. त्याला त्या 'लूमी' म्हणतात. भातात किंवा माशाच्या कालवणात एक लूमी टोचून टाकली की आमसुलाची आठवण येते. शुक्रवारी दुपारी मी सारी वाळवण घरात आणीत असे आणि शब्बाथ संपल्यावर पुन्हा पसरीत असे. एक दिवस गेल्याने कोणतेही लिंबू बिघडले नाही.

खजुराची गोष्ट तर आपल्या धर्माशी जोडलेली आहे. देवारिमच्या आठव्या अध्यायात इस्राएल देशाची सात पिके सांगितली आहेत. त्यांतला 'मध' हा खजुराचा मध, असे आपले विद्वान सांगतात. पेसाहच्या मेजावर आपण खजुराचा शिरा ठेवतो तो हाच. मुहर्रकहून मनामाच्या पश्चिमेला गेले की कलात अल-बहारीन हा जुना किल्ला लागतो. २००५ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. तेथील उत्खननात खजुराचा रस काढण्याची खोली सापडली आहे. तिला 'मदबसा' म्हणतात. जमिनीला समांतर पन्हळी, त्यांवर खजुराच्या गोण्यांची थप्पी. वरच्या गोण्यांच्या भाराने खालच्या गोण्यांतून रस पाझरतो आणि पन्हळींतून वाहत मडक्यात जातो. चूल नाही, घाणा नाही. त्या रसाला 'दिब्स' म्हणतात. मी तेथे उभी राहिले, तेव्हा मला अलिबागच्या घरातले फडके आठवले. आई अर्धा किलो खजूर रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवी, सकाळी शिजवी, फडक्यातून पिळून काढी आणि तो रस मंद आचेवर आटवी. कलथ्यावरून तार सुटली की शिरा झाला. तो शीतकपाटात पेसाहचे आठही दिवस उत्तम राहतो.

पेसाहचा उल्लेख आला म्हणून येथेच सांगते. बाजारातल्या बहुतेक हिंगात गव्हाचे पीठ मिसळलेले असते. कित्येक सिरके जवापासून होतात. म्हणजे लोणच्याच्या बरणीत नकळत हामेत्स असतो. पणजीने अनास झाकला, आणि आजही आपल्या लोणच्याची बरणी त्या आठ दिवसांत झाकण्याला सबळ कारण आहे. ज्यांना पेसाहमध्ये लोणचे हवे असेल त्यांनी हिंगाशिवायची छोटी बरणी वेगळी घालावी.

आता बागेकडे वळते.

बुसैतीनच्या मातीत मीठ आहे. भरावाची वाळू, शिंपल्यांचा चुरा आणि खालून चढणारा खारा ओलावा. एके काळी त्या समुद्राच्या तळातून गोड्या पाण्याचे झरे फुटत. पाणबुडे कातडी पिशवी घेऊन तळाशी जात आणि खाऱ्या समुद्रातून गोडे पाणी भरून आणीत. खालांच्या वडिलांनी तसे पाणी प्यायले होते. पुढे विहिरी वाढल्या, उपसा वाढला, झरे आटले आणि भूजल खारट झाले. आज नळाला येते ते बहुतांशी समुद्राचे गोडे केलेले पाणी. त्याचा प्रत्येक थेंब पैशाचा आहे.

बागेचे वर्ष तेथे आपल्या उलट. ऑगस्टच्या अखेरीस पहाटे दक्षिणेला 'सुहैल' तारा दिसू लागला की उन्हाळा उतरणीला लागला, असे आखातातले लोक मानतात. एका पहाटे खालांनी मला तो गच्चीवरून दाखवला. तो आपला अगस्ती होता. आपल्याकडे अगस्तीचा उदय म्हणजे पावसाळ्याचे गढूळ पाणी निवळण्याची खूण, आणि तेथे वाफे तयार करण्याची. सप्टेंबरच्या मध्यात सावलीत रोपे करावीत, ऑक्टोबरात बाहेर लावावीत. मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा, वांगी, टोमॅटो आणि तेथील जरजीर नावाची तिखट पालेभाजी एप्रिलपर्यंत भरपूर येते. पालेभाजी मिठाच्या पाण्यात भिजवून, पान उजेडात धरून किडे तपासूनच घ्यावी. हा नियम मी तेथेही पाळला. मे उजाडला की जे वाचवायचे त्यावर अर्धी सावली देणारी जाळी बांधायची, कुंड्यांना पांढरा रंग द्यायचा आणि मातीवर खजुराच्या झावळ्यांचा चुरा अंथरायचा. शेवगा आणि कढीपत्ता मात्र तो उन्हाळाही काढतात.

कुंडीच्या कडेला पांढरे कवच दिसले की समजावे, मीठ वर आले. थोडे थोडे पाणी घालत राहिल्याने मीठ वाढते. महिन्यातून एकदा कुंडीच्या मापाच्या दुप्पट पाणी सावकाश ओतून ते खालून वाहू द्यावे, म्हणजे मीठ धुतले जाते. यासाठी मी वातानुकूलन यंत्राचे ठिबकणारे पाणी बादलीत धरीत असे. दमट रात्री एका यंत्राखाली बादली भरत असे. त्यात क्षार जवळजवळ नसतात. ते पिऊ नये, पण झाडांना मीठ धुऊन काढायला फार चांगले.

माझी खरी अडचण शब्बाथची होती. आपण शब्बाथला झाडाला पाणी घालत नाही, फळ तोडत नाही. आणि तेथील मे महिन्यात कुंडी एक दिवस कोरडी राहिली की रोप संपले. पहिल्या वर्षी दोन शब्बाथांत माझी सहा वांग्यांची रोपे गेली. उपाय कोकणातल्या मडक्यानेच दिला. पाचेक लिटरचे, झिलई न केलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत मातीत पुरावे, भोवती वीतभर अंतरात रोपे लावावीत, शुक्रवारी दुपारी मडके काठोकाठ भरावे आणि वर झाकण ठेवावे. झाकणामुळे डास होत नाहीत आणि पाणी उडून जात नाही. मडक्याच्या अंगातून ओलावा पाझरत राहतो आणि मुळे तिकडे जातात. शनिवारी मी प्रार्थनेचे पुस्तक घेऊन अंगणात बसे आणि माझी बाग स्वतःचे पाणी स्वतः पीत असे. हिवाळ्यात बुदैयाच्या उद्यानात स्थानिक शेतकऱ्यांचा फार छान बाजार भरतो. तो शनिवारी सकाळी असतो. सहकारिणी दर आठवड्याला बोलावीत. मी जात नाही याचे कारण मी अनेक वर्षे कोणाला सांगितले नव्हते.

ते खालांना प्रथम कळले, आणि कळले ते लिंबाच्या झाडामुळे.

२०१४ च्या जानेवारीत, तू बिश्वातच्या दिवशी, मी मुहर्रकच्या रोपवाटिकेतून कागदी लिंबाचे रोप आणले. वाटेत पिशवी फाटली आणि मुळांभोवतीची बहुतेक माती झडून गेली. खालांच्या मुलाने भिंतीजवळ दोन फूट खोल खड्डा खणून दिला. खारी वाळू काढून त्यात गोडी माती आणि शेणखत भरले. रोप जगले. दुसऱ्याच वर्षी त्याला फळे धरली. खाला टोपली घेऊन आल्या. मी म्हणाले, "तीन वर्षे या झाडाचे फळ मला चालत नाही."

वायिक्राच्या एकोणिसाव्या अध्यायात ही आज्ञा आहे. लावलेल्या झाडाचे पहिल्या तीन वर्षांचे फळ खायचे नाही. याला ओर्ला म्हणतात. ही आज्ञा इस्राएल देशाबाहेरही लागू आहे. मी येथील जाणकारांना फोन करून विचारले होते. रोप मातीसकट आले असते तर रोपवाटिकेतला काळ कदाचित मोजता आला असता. माती झडल्यामुळे गणना नव्याने सुरू झाली. हिशेब असा निघाला की २०१७ च्या तू बिश्वातनंतर धरणारे फळच चालेल. चौथ्या वर्षाच्या फळांचा नियम वेगळा आहे. घरी फळझाड लावणाऱ्यांनी तो आपल्या जाणकारांकडून समजून घ्यावा.

माझा निवासपरवाना दोन वर्षांचा होता. आखातात राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, दोन वर्षांपलीकडचा विचार तेथे कोणी करीत नाही. चांगली भांडी घेत नाहीत, पडदे लावत नाहीत. अशा घरात तीन वर्षे ज्याचे फळ खायचे नाही ते झाड मी लावून बसले होते. खालांनी टोपली खाली ठेवली आणि थोड्या वेळाने विचारले, "तू यहुदी आहेस का?" मी हो म्हणाले. माझे हात थंड पडले होते, हे मी लपवत नाही. त्या म्हणाल्या, "माझ्या लग्नाचे कापड मनामाच्या यहुदी दुकानातून आणले होते. कापड अजून आहे." मग आत गेल्या आणि ते घेऊन आल्या. त्या दिवसापासून शुक्रवारी दुपारी माझी कामाची पाळी असली, तर मडकी त्या भरीत. परवान्याचे दोनदा नूतनीकरण झाले, आणि २०१७ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघींनी त्या झाडाची पहिली लिंबे तोडली. अर्धी त्यांनी वाळवली. अर्ध्यांचे मी लोणचे घातले, किलोला २२० ग्रॅम मीठ.

आता एकच सांगायचे उरले.

२०२० च्या आरंभी आईने ओळखीच्या माणसाबरोबर लिंबाच्या लोणच्याची बरणी पाठवली. त्यानंतर साथ आली. २०२१ च्या मे महिन्यात आई गेली. मला निघता आले नाही. शिवाचे सात दिवस मी बुसैतीनच्या त्या खोलीत एकटीने पाळले. कपाटात ती बरणी होती. लिंबाचे लोणचे जुने होते तसे काळे आणि मऊ होत जाते, आणि ते पुष्कळ वर्षे टिकते. मी ठरवले की ती बरणी उघडायची नाही. आईच्या हातचे शेवटचे, ते तसेच राहू द्यावे.

महिन्याभराने खाला आल्या. बरणी पाहून म्हणाल्या, "हे का खात नाहीस?" मी कारण सांगितले. त्या म्हणाल्या, "तिने हे जेवणासाठी घातले की कपाटासाठी?" मी त्याच रात्री झाकण उघडले. वरण, भात आणि एक फोड. चव ओळखीची होती. मग मी माझी वही काढली आणि २०१७ च्या लिंबांची माझी बरणीही उघडली. दोन्ही शेजारी ठेवून चाखल्या. आईचे लोणचे अधिक चांगले होते, यात शंका नाही. परंतु दोन्हींत मिठाचा अंदाज एकच होता. वजनकाट्यासमोर आई हसली होती तो दिवस मला आठवला. त्या दिवशी मी तो काटा पुढे ठेवला नसता, तर ती मूठ आज कोठेही नसती.

२०२३ मध्ये मी परत आले. झाड तेथेच आहे. खालांची सून फोटो पाठवते. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी अडीच किलो लिंबांची लूमी केली.

आपल्या समाजातली पुष्कळ कुटुंबे इस्राएलला गेली, काही येथे आहेत, काही माझ्यासारखी कोठेकोठे जाऊन आली. घर बदलते, माती बदलते, ऋतू उलटेपालटे होतात. सोबत नेता येते ते एवढेच: मिठाचे माप, मोड आणण्याची रीत, शिऱ्याची तार आणि झाड लावण्याचा नियम. आणि ते सारे आज आपल्यातल्या फार थोड्या, फार वयस्क हातांत आहे.

म्हणून माझी एक विनंती आहे. आजपासून पेसाहपर्यंत सुमारे दोन महिने आहेत. प्रत्येक घराने आपल्या घरातल्या सर्वांत वडील बाईसमोर वजनकाटा ठेवावा आणि एकच कृती ग्रॅममध्ये लिहून घ्यावी. बिरडे असो, शिरा असो, किद्दुशसाठी काळ्या मनुकांचे शरबत असो, लोणचे असो. कोणी आजोबांनी घातलेली करत असतील तर तीही. ती महिला मंडळाकडे द्यावी. बातमीपत्राचे संपादक दर अंकात एक छापण्यास तयार आहेत. आणि ज्यांच्या खिडकीत जागा आहे त्यांनी आज एक झाड लावावे, कुंडीवर तारीख लिहावी आणि तीन वर्षे थांबावे.

पेसाहच्या आदल्या दिवशी आपण सारे आपापल्या बरणीवर झाकण ठेवू, तेव्हा आपल्या पणजीने त्या दिवसाला काय म्हटले होते ते मुलांना सांगा.

परमेश्वर आपणा सर्वांच्या घरी बरकत देवो. शालोम.